सतरावे पान

१

सोळाव्या पानाखाली थेट अठरावे पान निघाले, तेव्हा वाचनकक्षात चौघे जण होते. त्यातल्या तिघांनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मग चौथीकडे.

ही चौथी म्हणजे ताई. संस्थेतल्या जुन्या पोथ्या गेली बावीस वर्षे तीच सांभाळत होती. पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. हातभर लांब, चार बोटे रुंद अशी सुटी पाने, खाली-वर एकेक लाकडी फळी आणि भोवती लाल कापड. शिवण नसते, म्हणून एखादे पान निसटले तर पोथी तक्रार करत नाही. ती मोजावी लागते. ताई रोज संध्याकाळी पाचला, कापड बांधण्यापूर्वी, अंगठ्याने कडा सरकवत पाने मोठ्याने मोजायची. खोलीत जो असेल त्याच्या कानांवर आकडा पडायचा. ही तिथली रीतच होती.

सोमवारी संध्याकाळी आकडा आला बासष्ट. मंगळवारी सकाळी एकसष्ट. मधल्या वेळात पोथी कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ताईच्या कमरेला.

पोथी संस्थेची नव्हती. एका घराण्याने पिढ्यान् पिढ्या जपलेली, मोठ्या मिनतवारीने आठवडाभरासाठी दिलेली. गुरुवारी दुपारी त्या घरचे लोक ती परत न्यायला येणार होते. संस्थेच्या चिटणिसांनी ताईला कामावरून कमी करण्याचे पत्र टाईप करून घेतले. सही मात्र केली नाही. पत्र खिशात घालून ते दोन गल्ल्या पलीकडे, शाळेत आपल्याला गणित शिकवणाऱ्या बाईंच्या घरी गेले.

बाई निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. चिटणिसांचे सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले.

"तुझं उत्तर आलंय, मग माझ्याकडे कशाला आलास?"

चिटणीस पन्नाशीचे गृहस्थ, पण त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. "उत्तर आलंय बाई," ते म्हणाले, "पण पायऱ्या जमत नाहीत."

२

वाचनकक्ष लांबट होता. एका भिंतीला पोथ्यांचे कपाट, मधोमध मोठे टेबल, खिडकीपाशी फोटोवाल्याचे दिवे आणि कॅमेरा. दाराशी पिशव्या ठेवायची फळी. पिशवी ठेवली की पत्र्याचा नंबर मिळायचा. आत कुणालाही पिशवी नेता येत नसे. कोपऱ्यात, ताईच्या स्टुलाशेजारी, पाण्याचा काळा माठ होता.

बाईंनी पहिल्यांदा शास्त्रीबुवांशी बोलायचे ठरवले. बुवा पंचाहत्तरीचे. ही पोथी चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच वाचून छापली होती, आणि त्या छापील पुस्तकावर त्यांचे नाव झाले होते. बाईंनी सरळ कबूल केले की त्यांना प्राकृतातले ओ की ठो कळत नाही.

बुवा खुलले. शिकवणाऱ्याला अडाणी श्रोता मिळाला की तो खुलतोच. त्यांनी सांगितले की जुन्या नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि राणी, दासी, कोळी, शिपाई प्राकृत बोलतात. एक नाही, अनेक प्राकृते; जसा माणूस तशी त्याची बोली. तुम्ही गणिताच्या, म्हणून सात-आठच घ्या. ते लोक सत्त-अट्ठ म्हणत. आपला हात म्हणजे त्यांचा हत्थ, आपले दूध म्हणजे दुद्ध, साप म्हणजे सप्प. हजारो वर्षे तोंडातोंडांतून घासत घासत ते शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले.

"म्हणजे घरात बोलायची भाषा," बाई म्हणाल्या.

"होती," बुवा म्हणाले. "पोथीत येईतो ती घरातली राहिली नव्हती. लिहिणारे पंडित होते. लोक पोथीत आपलं बोलणं शोधायला जातात आणि साप साप म्हणून भुई धोपटतात. मी हेच आयुष्यभर लिहीत आलो."

बोलता बोलता ते उठले, माठातले पेलाभर पाणी प्यायले आणि परत येताना दाराशी थांबले. पिशव्यांचे नंबर खिळ्यांवर कसेही लटकवलेले होते. बुवांच्या तोंडून वाक्य चालू होते आणि हातांनी ते नंबर एकापासून बारापर्यंत ओळीने लावत होते. लावून झाले तेव्हाच वाक्यही संपले.

सतराव्या पानावर काय होते, असे बाईंनी विचारले. गोष्टीतला प्रधान एका कुंभारणीला विचारतो, तू घर कसे चालवतेस. आणि ती उत्तर देते. बस, एवढेच. छापील पुस्तकात ते आहेच, तेव्हा पान गेले तरी मजकूर गेलेला नाही, असे बुवा म्हणाले.

मग पाहुणी आली. ही दूरच्या विद्यापीठातली संशोधक मुलगी, छापील पुस्तक मूळ पोथीशी ताडून पाहायला आलेली. तिने शिकताना शेकडो पोथ्या पाहिल्या होत्या, पण सगळ्या संगणकाच्या पडद्यावर. हातात घ्यायची वेळ पहिलीच. पान कसे उलटतात ते दाखव म्हटल्यावर तिने शेजारच्या जुन्या पोथीतले एक पान पुस्तकासारखे बाजूला उलटले. मागची अक्षरे डोक्यावर उभी राहिली. तिने पान गरकन फिरवून सरळ केले, मागे समासात लिहिलेला आकडा वाचला आणि पुन्हा बाजूनेच उलटून ठेवले. आता पुढची अक्षरे शीर्षासनात.

"पुन्हा तेच," कोपऱ्यातून ताई म्हणाली. "पोथीचं पान वरच्या बाजूला उलटायचं, पोरी. किती वेळा सांगू?"

पाहुणीने जीभ चावली. पण सतराव्या पानाबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखे होते. पोथीचे एक पान छापील पुस्तकाची साधारण दीड पाने भरते, हे तिने मोजून पाहिले होते. सतराव्या पानाचा छापील मजकूर जेमतेम पाऊण पान. कुंभारणीचे उत्तर सात ओळींचे, गोड आणि सुबक.

"मग उरलेल्या अर्ध्या पानावर काय होतं?" बाईंनी विचारले.

"तेच मला बघायचं होतं. सोमवारी दुपारी मी सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा, की उद्या सतरावं पान येईल, उद्या कळेल."

३

फोटोवाला चिडलेला होता. त्याचे म्हणणे, त्याला या कामात बोलावले ते फोटो काढायला, चौकशीला नव्हे. जुनी लिपी त्याला वाचता येत नव्हती. अक्षरे काय आणि आकडे काय, त्याला सगळ्या मुंग्याच. सोमवारी पहिल्या दिवशी त्याने सोळा पाने घेतली होती. साडेतीनला चहाची सुट्टी झाली, तेव्हा सोळावे पान कॅमेऱ्याखाली होते आणि पुढची सगळी चळत बाजूला. सुट्टीत तो पायरीवर सिगारेट ओढत होता. पाहुणी फोनवर घरी बोलत होती, ताई चहा गाळत होती. शास्त्रीबुवा चष्मा राहिला म्हणून एकदा आत गेले आणि चष्मा घेऊन आले. सुट्टीनंतर त्याने सोळाव्या पानाची मागची बाजू घेतली आणि काम थांबवले.

"आणि आज सकाळी?"

"आज सकाळी ताईंनी पोथी सोडली. मी माझा पुठ्ठा काढला, खालचं पान घेतलं, फोटो काढला. तेवढ्यात ही पाहुणी म्हणाली, हे तर अठरावं."

"कसला पुठ्ठा?"

फोटोवाल्याने दिव्यापाशी टेकवलेला एक पुठ्ठा दाखवला. पातळ, पिवळसर, पोथीच्या पानाच्याच मापाचा. पलीकडची शाई दिसू नये म्हणून फोटो काढताना तो पानाखाली धरायचा. काम थांबले की खूण म्हणून तोच चळतीवर ठेवायचा आणि काढून झालेली पाने त्याच्यावर.

"म्हणजे सोमवारी संध्याकाळी पोथी बांधली, तेव्हा हा आत होता?"

"सोळा नि सतराच्या मध्ये. कुठे थांबलो ते कळायला नको?"

बाईंनी पुठ्ठा पोथीच्या पानाशी धरून माप जुळवून पाहिले. मग त्यांनी चिटणिसांना बोलावले, आणि त्यांच्या आवाजात वर्गातला जुना धीमेपणा आला.

"पोथीची पानं बासष्ट. त्यात हा पुठ्ठा घातला. ताई अंगठ्याने कडा मोजते. सोमवारी तिची मोजणी किती यायला हवी होती?"

चिटणिसांनी खिशातले पत्र चाचपले. "त्रेसष्ट," ते म्हणाले.

"आणि आली बासष्ट. सगळ्यांनी ऐकली. म्हणजे कपाटाला कुलूप लागण्याआधीच पान गेलेलं होतं. किल्लीचा यात काही संबंध नाही. तुझी एक पायरी चुकली होती. फाड ते पत्र."

चिटणिसांनी पत्र फाडले नाही, घडी करून परत ठेवले. किल्लीचा संबंध नाही म्हणजे ताईचा नाही असे कुठे ठरते, असे ते अगदी हळू म्हणाले. ते बरोबरच होते, आणि बाईंना ते आवडलेही. पायरी न तपासता पुढे जाऊ नये, हे त्यांनीच चिटणिसांना शिकवले होते.

४

ताई स्टुलावर बसून होती. तिची चौकशी सगळ्यांत शेवटी झाली. बाईंनी तिला विचारले की सोमवारी संध्याकाळी नेहमीपेक्षा वेगळे असे काही घडले का.

काही नाही, ताई म्हणाली. मग तिला आठवले. मोजणी झाली, तिने बासष्ट म्हटले आणि कापड उचलले, तर शास्त्रीबुवा म्हणाले, परत मोज. तिने परत मोजली. पुन्हा बासष्ट.

"बावीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते. मला जरा लागलंच ते. माझ्या मोजण्यावर त्यांचा विश्वास उडाला की काय, असं वाटलं. आता तर खरंच उडाला असेल." तिने कमरेची किल्ली चाचपली. "नोकरी जाईल त्याचं राहू दे. पण आईला काय सांगू? ती सगळ्या आळीला सांगत फिरते, माझी लेक मोठमोठ्या पोथ्या सांभाळते म्हणून."

ताईची आई ऐंशीची होती. वाचनकक्षातला माठ दर उन्हाळ्याला तीच पाठवायची. ताईच्या घरात पिढीजात मातीकाम. ताईच तेवढी शाळेत गेली, तीही आठवीपर्यंत. पोथ्यांची लिपी तिला वाचता येत नव्हती, त्यांतले आकडेही नाहीत; तिला फक्त पाने मोजता येत आणि जपता येत.

बाई पुढच्या पायरीवर गेल्या. हातभर लांब पान बाहेर जाणार कसे? पिशव्या दाराबाहेर. खिशात घालायचे तर घडी हवी, आणि तीनशे वर्षांच्या कागदाची घडी घातली की हातात भुगा येतो. म्हणजे पान या खोलीतच होते. आणि पान लपवायला पानांइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

"ताई," त्या म्हणाल्या, "दिवसा कपाट उघडं असतं ना? याच मापाच्या पोथ्या किती आहेत?"

अकरा होत्या. प्रत्येकीच्या कापडावर पानांचा आकडा शिवलेला. ताई एकेक सोडून मोठ्याने मोजू लागली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. अशा सहा झाल्या. सातव्या पोथीवर आकडा होता चाळीस. ताईचा अंगठा शेवटच्या कडेवर आला आणि तिथेच थांबला.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

५

सतरावे पान सातव्या पोथीत होते. पाहुणीने एकेक आकडा वाचत ते शोधून दिले. चिटणीस लगबगीने ते उचलायला गेले, तर बाईंनी त्यांचा हात धरला.

"थांब. ते कुठे आहे ते आधी बघ."

ते पान वर नव्हते, तळाशी नव्हते, कुठेतरी मधेही खुपसलेले नव्हते. ते त्या परक्या पोथीच्या सोळाव्या पानानंतर होते. पुढची अक्षरे सरळ होती; बाईंनी ते वरच्या बाजूला उलटले, तर मागचीही सरळ.

मग त्या शांतपणे बोलल्या, फळ्यावर उदाहरण सोडवावे तशा. ज्याला पान घाईने लपवायचे तो ते कुठेही सारेल. फोटोवाल्याला आकडाच वाचता येत नाही, ताईलाही नाही. त्यांच्या हातून सतरावे पान सोळाव्यानंतर बसणे म्हणजे लॉटरी. पाहुणीला आकडा वाचता येतो, पण तिने मागचा आकडा पाहिला असता तर पान उलटे ठेवले असते. ती ते बाजूनेच उलटते. राहिला तो हात, ज्याने पन्नास वर्षे पोथ्या लावल्या. त्या हाताला पान चुकीच्या जागी ठेवताच येत नाही. चोरी करतानाही नाही.

"आणि आणखी एक," बाई म्हणाल्या. "सोमवारी बासष्ट ऐकून नवल वाटणारा एकच माणूस होता. त्याला माहीत होतं, एकसष्ट यायला हवीत. चोराच्या मनात चांदणं."

कुणीही शास्त्रीबुवांकडे पाहिले नाही. बुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

त्यांनी नाकारले नाही. पान फाडणे त्यांच्याने झाले नसते. गुरुवारी पोथी गेली की महिन्याभराने ते 'सापडणार' होते, आणि त्या घरी परत जाणार होते. फक्त फोटोत येणार नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांना कुंभारणीचे उत्तर लागले नव्हते. शब्द कळत होते, पण अर्थ जुळेना. लेखनिकाने दोन पाने एकत्र कालवली असतील असे समजून त्यांनी ते गाळले आणि सात ओळी स्वतः रचून घातल्या. त्या सात ओळी पुढे पाठ्यपुस्तकांत गेल्या. प्राकृत ही पंडितांची भाषा, याला दाखला म्हणून लोक त्याच ओळी देऊ लागले.

"आणि माझं काय होणार होतं?" ताईने विचारले.

बुवांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले. "ते माझ्या डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले. हे खरे होते, आणि म्हणूनच ऐकायला फार वाईट होते.

बाईंनी पान त्यांच्यापुढे ठेवले. "वाचा. आमच्या बोलीत सांगत सांगत वाचा."

बुवांचा आवाज सवयीने स्थिर झाला. कुंभारीण प्रधानाला सांगते: मट्टिआ, म्हणजे माती, फार ओल्ल, म्हणजे ओली, असताना मारू नये, नाहीतर ती रडते. वाळली की मारू नये, नाहीतर ती चिडते. मधल्या वेळी एका हत्थाने आत दगड धरावा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून मारावे. जितके मारावे तितके ते मोठे होते. माझे घर असेच चालते.

"आत दगड, बाहेर मार," बुवा थांबून म्हणाले. "याचा अर्थ काय लावायचा? मी सहा महिने घालवले यावर."

ताई हसली. रडता रडता हसावे तशी. ती उठली, कोपऱ्यातला माठ तिने बादलीत रिकामा केला आणि टेबलावर, पोथीपासून चांगला लांब, आणून ठेवला.

"हात पुसून आत घाला, बुवा."

बुवांनी हात घातला.

"काय लागतंय?"

"खळगे," बुवा म्हणाले. "लहान लहान. सगळीकडे."

"ते दगडाचे. चाकावरून उतरलं की भांडं जाड असतं. मग आत गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं थापटायचं. भिंत पातळ होते, माठ फुगतो. ओला असला तर फिसकटतो, ते रडणं. वाळला तर तडकतो, ते चिडणं. आई अजून तसंच म्हणते." ती माठाच्या गळ्यावरून हात फिरवत म्हणाली, "चाळीस वर्षांपूर्वीही इथला माठ आमच्याच घरून येत होता. तुम्ही पाणी प्यायचात, आई दाराशी उभी असायची. एकदा मोठ्यानं वाचायचं होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे बाईंच्या ओठांवर आले होते. बुवांचा हात अजून माठातच होता. बोटे एका खळग्यावरून दुसऱ्यावर जात होती, ओळ वाचावी तशी.

बुधवारी सतरावे पान फोटोत आले, मागून-पुढून. त्याच दिवशी बुवांनी दोन पत्रे लिहिली. एकात पान कुणी काढले ते होते. दुसऱ्यात त्या सात ओळी कुणी रचल्या ते होते, आणि कुंभारणीच्या उत्तराचा अर्थ कुणी लावून दिला तेही; ताईचे आणि तिच्या आईचे, दोघींचे नाव घालून. चिटणिसांनी खिशातले पत्र फाडले आणि तुकडे बाईंना दाखवून मगच टोपलीत टाकले.

गुरुवारी दुपारी पोथीच्या घरचे लोक आले. ताईने लाल कापड पसरले, अंगठा कडेवर ठेवला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. शास्त्रीबुवा दाराशी उभे होते, आजपासून पाहुण्यासारखे, हातात पिशवीचा नंबर घेऊन.

"बासष्ट," ताई म्हणाली, आणि तिने दाराकडे पाहिले.

परत मोज, असे या वेळी कुणी म्हटले नाही. तिने कापड बांधले.